कन्सल्टिंग कंपनी गणपतीची रजा ऐनवेळी रद्द करते, रत्नागिरीच्या घरून काम करताना रात्री ११ ला कॉल लावते. नोकरी सोडावी का?

लगेच सोडू नका, आधी प्रोजेक्ट बदलून मागा. कन्सल्टिंगमध्ये आपला एकेक तास क्लायंटच्या बिलावर चढतो, म्हणून मॅनेजरला रजा म्हणजे बुडालेले तासच दिसतात. पण कंपनी तीच असली तरी वागणूक प्रोजेक्टगणिक बदलते, हे सात वर्षं याच कामात राहून पाहिलंय. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच दिवशी रजेचा ईमेल टाका आणि मंजुरी लेखी घ्या. तोंडी "बघू"वर विसंबू नका. माजघरात आरतीच्या झांजा वाजत असताना मागच्या पडवीत हेडफोन लावून बसायची वेळ कुणावर येऊ नये. मात्र चारचौघांत अपमान होत असेल, तर प्रोजेक्ट बदलायची वाट न पाहता दुसरी नोकरी शोधायला लागा.