तीन कुत्री, हातात पदवी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पदवी झाली, नोकरी नाही, अंगणात तीन कुत्री आणि घरचे रोज विचारतात, "पुढं काय?" उत्तर आज नसलं तरी चालेल. आधी कुत्र्यांच्या वेळा बांधून घे. अभ्यास आणि अर्ज त्यांच्या मधल्या तासांत बसव.

मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. फिरवणं सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. कुत्रं धापा टाकत झोकांड्या खायला लागलं तर सावलीत ने, अंगावर साधं पाणी ओत, वारा घाल आणि लगेच डॉक्टर गाठ.

गोचिडांचं मात्र नीट समजून घे. अंगावर दिसतात ते थोडेच. मादी रक्त पिऊन फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या सांदीत हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं धुतलंस तर काही दिवसांत पुन्हा तेच. सांदी सिमेंटनं बुजव, जुनी पोती काढून टाक, तिन्ही कुत्र्यांना एकाच दिवशी वजनाप्रमाणे औषध दे. गुरांसाठी आणलेलं औषध अंदाजानं लावू नको, विषबाधा होते. खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर गोचीडताप, म्हणजे गोचीड चावल्यानं होणारा रक्ताचा आजार असू शकतो. रक्ततपासणी करून घे. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गोचीडतापाच्या गोळ्या साधारण चार आठवडे चालतात. चार दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागतं, लोक गोळ्या थांबवतात आणि आजार उलटतो. घरातली ब्रुफेन तर कधीच देऊ नको. पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात.

रेबीजची लस दरवर्षी. कुणाला चावलं तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. घरचंच कुत्रं आहे म्हणून थांबायचं नाही.

चौथं पिल्लू आता नको, कितीही जीव तुटला तरी. आहेत त्यांची नसबंदी आधी. पुण्याला मुलाखत असेल तर खाण्याच्या आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लाव, आणि निघायच्या चार दिवस आधीपासून ते काम घरातल्या एकाच्या हातून करून घे.

"कुत्र्यांमुळं अर्ज राहिला" असं एखाद्या वेळी होतं. दर महिन्याला व्हायला लागलं, झोप उडाली, जेवण नकोसं झालं, तर कुत्र्यांना बोल लावू नको. मन थकलंय. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाव.