जुन्या प्रिंटमध्ये माणसं उभट दिसतात, प्रिंट खराब आहे का?

प्रिंट ठणठणीत असणार. तुमच्या मंडळानं नागपुरात जुना ३५ मिमी प्रोजेक्टर चालू केला, एका चित्रपटात सगळे वाळलेले, उभट दिसले आणि दुसऱ्यात डोकीच उडाली, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे घोळ आहेत.

पहिली प्रिंट 'स्कोप' आहे. त्यात चित्र आडव्या बाजूनं निम्मं दाबून फिल्मवर घेतलेलं असतं. पडद्यावर ते परत पसरवायला अॅनामॉर्फिक लेन्स लागते. आपल्याकडे १९५९ च्या 'कागज के फूल'पासून हा प्रकार आला. फ्रेम उजेडात धरा आणि एखादं चाक शोधा. ते अंड्यासारखं उभं दिसलं, तर स्कोपच. लेन्स जरा जरी फिरलेली बसली, तरी खांब तिरपे होतात.

दुसरी प्रिंट १.३७ ची, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट, जवळजवळ चौकोनी. ती तुम्ही १.८५ च्या मास्कमधून, म्हणजे जास्त रुंद चित्रासाठी भोक पाडलेल्या धातूच्या प्लेटमधून दाखवलीत. नुसता मास्क बदलून भागणार नाही, चित्र पडद्याच्या वर-खाली सांडेल. जास्त फोकल लेंथची, म्हणजे चित्र लहान पाडणारी लेन्स लावा आणि बाजूचे काळे पडदे आत ओढा.

ही प्लेट गेटमध्ये बसते, म्हणजे फिल्म उजेडासमोरून सरकते तिथं. ती बाजारातून आणली तशी क्वचितच बसते. केबिन उंचावर, उजेड उतरता पडतो, त्यामुळे चित्र खाली रुंद होतं. सीताबर्डीच्या ज्या थेटरात मी ऑपरेटर होतो, तिथं कोरी प्लेट बारीक कानशीनं घासत बसायचो आणि पडद्याजवळचा पोऱ्या ओरडून सांगायचा, "अजून थोडं, डावीकडं!" गंमत अशी की चित्र लेन्समधून उलटं जातं. पडद्यावर खालचा डावा कोपरा हवा असेल, तर पडद्याकडे तोंड करून पाहताना प्लेटचा वरचा उजवा कोपरा घासायचा. नवशिके हमखास चुकीची बाजू घासतात, आणि घासलेलं परत येत नाही. म्हणून भोक लहानच ठेवून सुरुवात करा.

मूकपट मिळाला तर त्याची फ्रेम साउंड ट्रॅकच्या (फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते त्या) जागेपर्यंत पसरलेली असते; त्याला वेगळी प्लेट हवी.

आणि एक. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची प्रिंट असेल आणि कडेला 'सेफ्टी' लिहिलेलं नसेल, तर ती नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणारी जुनी फिल्म असू शकते. पेटली तर पाण्यातही विझत नाही. मशीनवर चढवू नका, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी विचारा.