बारकोड किती मोठा छापावा म्हणजे पहिल्या फटक्यात स्कॅन होईल?

तुमचं लेबल ५० बाय २५ मिमीचं, थर्मल (उष्णतेने छापणारा) प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ ठिपके काढणारा, बारकोड ईएएन-१३ (दुकानातल्या मालावर असतो तो १३ आकड्यांचा), आणि फाइलमध्ये तो ओढून-ताणून जागेत बसवल्यापासून कधी वाचला जातो, कधी नाही. किती सेंटिमीटरचा ठेवू, असं विचारलंयत. माझ्या मते आधी सेंटिमीटर ठरवणं हेच उलटं आहे. आधी सगळ्यात बारीक रेघेची जाडी ठरवायची. एकूण रुंदी मग आपोआप निघते, ती आपण ठरवायची नसते.

या सगळ्यात बारीक रेघेएवढ्या रुंदीला 'घर' म्हणू; जाड रेघा आणि मधल्या फटी दोन-तीन-चार घरांच्या असतात. ईएएन-१३ मध्ये दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून ११३ घरं असतात. एका घराची मूळ जाडी ०.३३ मिमी, म्हणून शंभर टक्के आकाराचा बारकोड ३७.२९ मिमी रुंद भरतो. हा आकार ८० ते २०० टक्क्यांपर्यंत बदलायला परवानगी आहे. इथवर सगळं ठीक वाटतं. घोळ होतो तो प्रिंटरपाशी.

२०३ डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका म्हणजे ०.१२५ मिमी. त्याला अर्धा ठिपका छापता येत नाही. ०.३३ मिमी म्हणजे २.६४ ठिपके, मग तो काय करतो? एक घर २ ठिपक्यांचं काढतो, शेजारचं ३ चं. स्कॅनर रेघा मोजतो त्या एकमेकींच्या प्रमाणात. एका घराची रेघ ३ ठिपके आणि दोन घरांची ५ ठिपके झाली, की दुप्पट असायला हवी ती दीडपटीच्या जरा वर राहते. लेबल भिंगाखाली धरून पाहा, सारख्या असायला हव्यात अशा रेघा जाड-बारीक दिसतील. फाइल स्क्रीनवर कितीही सुबक दिसली तरी उपयोग नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत मी एक घर सरळ ३ ठिपक्यांचं ठेवेन, म्हणजे ०.३७५ मिमी. ११३ घरांची रुंदी होते सुमारे ४२.४ मिमी, ५० च्या लेबलवर आरामात बसते. २ ठिपक्यांवर उतरलात तर ०.२५ मिमी होतं, ८० टक्क्यांच्याही खाली. शिवाय प्रिंटरची उष्णता जरा जास्त झाली की काळ्या रेघा फुगतात. २ ठिपक्यांच्या रेघेला तो फुगवटा जास्त जाचतो. बारकोड चित्र म्हणून चिकटवण्यापेक्षा प्रिंटरच्या स्वतःच्या बारकोड कमांडने छापा, तिथे जाडी ठिपक्यांतच द्यायची असते. चित्रच वापरायचं असेल तर कोपरा धरून ओढायचं नाही, एवढं तरी पाळा.

आता उंची. शंभर टक्क्यांना रेघा २२.८५ मिमी उंच हव्यात, म्हणजे तुमच्या २५ च्या लेबलवर नाव-किंमत लिहायला काहीच उरत नाही. कापावी लागणारच. रुंदी कापण्यापेक्षा उंची कापलेली केव्हाही परवडते. हातात धरायच्या स्कॅनरला १५ मिमी पुरते, मात्र काउंटरमध्ये बसवलेला स्कॅनर वस्तू कशीही फिरवली तरी वाचतो तो उंचीच्या जोरावर. तिथे वस्तू दोनदा फिरवावी लागेल.

कोऱ्या जागेत मात्र हात घालू नका. डावीकडे ११ घरं, उजवीकडे ७. तुमच्या मापात सुमारे ४.१ आणि २.६ मिमी. लेबलभोवती चौकट काढायची हौस बऱ्याच जणांना असते आणि ती नेमकी याच जागेत घुसते.

दुकानात न जाणाऱ्या, फक्त आपल्यापुरत्या वापराच्या नंबरांसाठी कोड १२८ (अक्षरं आणि आकडे दोन्ही चालणारा बारकोडचा प्रकार) घेत असाल तर एक गंमत कामाला येते. त्यात एका अक्षराला ११ घरं लागतात, पण आकडे असले की दोन आकडे मिळून ११ घरांत बसतात. १२ अक्षरांचा कोड २ ठिपक्यांच्या घराने, कोरी जागा धरून, जवळपास ४७ मिमी होतो. तोच १२ आकड्यांचा केला तर ३० मिमी. उगाच पुढे 'आयटीएम-' वगैरे लावायचं कारण नाही. कपाटाच्या वरच्या खणावरचं लेबल खालून वाचायचं असेल तर घर १ मिमीच्या आसपास घ्या, लांबून बारीक रेघ कुणालाच दिसत नाही.

रंगाचं एका वाक्यात: पांढऱ्यावर काळा. लाल रेघा लाल उजेडाच्या स्कॅनरला पांढऱ्याच दिसतात.

तपासणी मोबाइलने करू नका, त्याचा कॅमेरा फार समजूतदार असतो. लेबल प्रत्यक्ष वस्तूवर चिकटवा आणि तुमच्याकडचा सगळ्यात जुना स्कॅनर लावा. बाटलीसारखी गोल वस्तू असेल तर बारकोड शिडीसारखा उभा चिकटवा, म्हणजे रेघा गोलाईबरोबर वळतील आणि कडेच्या रेघा स्कॅनरच्या नजरेआड जाणार नाहीत. हजारोंनी छापणार असाल तर आधी एखाद्या छपाईवाल्याकडच्या व्हेरिफायरवर (बारकोडची छपाई तपासणारं यंत्र) ग्रेड काढून घ्या. किरकोळ विक्रीसाठी 'सी'च्या खालचा चालत नाही.