उबुंटू अपग्रेडनंतर पासवर्ड टाकला की परत लॉगिनचीच स्क्रीन येते. फॉरमॅट करावंच लागेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाताना मध्येच स्क्रीन काळी झाली. बराच वेळ वाट पाहून तुम्ही पॉवरचं बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप बंद केला. आता तो चालू होतो, लॉगिनही दिसतं, पण पासवर्ड बरोबर टाकूनही क्षणभर अंधार होतो आणि पुन्हा तीच स्क्रीन येते. वायफाय गायब आहे. अपग्रेड चालू असताना जे प्रश्न विचारले गेले त्यांना तुम्ही नुसतं एन्टर दाबत गेलात. आणि आता ज्याला विचारावं तो फॉरमॅट मारायला सांगतो.

फॉरमॅट मारू नका. तुमच्या वर्णनावरून तरी ही यंत्रणा वाचण्यासारखी आहे.

लॉगिनची स्क्रीन दिसते, यातूनच बरंच कळतं. मशीन सुरू करून देणारा बूटलोडर चालला, यंत्रणेचा गाभा म्हणजे कर्नल लोड झाला, डिस्क जोडली गेली, पाठीमागच्या सेवा सुरू झाल्या आणि लॉगिन दाखवणारा जीडीएम हा प्रोग्रॅमही उभा राहिला. पासवर्ड चुकला असता तर तिथेच तसा संदेश आला असता. म्हणजे पासवर्ड मान्य होतोय, तुमच्या नावाचं डेस्कटॉप सत्र सुरू होतंय आणि लगेच कोसळतंय. शोध एवढ्याच टप्प्यात घ्यायचा आहे.

लॉगिनच्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबा. काळ्या स्क्रीनवर मजकुरातलं लॉगिन येईल, तिथे नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्डाची अक्षरं उमटत नाहीत, ते तसंच असतं. आत गेलात की अर्धी लढाई जिंकलीत. (पुढे आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.) इथेही शिरता आलं नाही तर लॅपटॉप सुरू होताना एस्केप, आणि जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट, दाबून ग्रबचा, म्हणजे बूटलोडरचा, मेनू आणा. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल किंवा रिकव्हरी मोड निवडता येतो.

काहीही दुरुस्त करण्याआधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मजकुराच्या स्क्रीनवर ते अवघड वाटत असेल तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा, आतली डिस्क उघडा आणि होम फोल्डर कॉपी करा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तो तिचा पासफ्रेज विचारेल. यात वेळ गेला तरी जाऊ द्या. फाइली सुरक्षित आहेत हे माहीत असलं की पुढची प्रत्येक पायरी शांतपणे करता येते.

आता जागा पाहा. ‘डीएफ’ आज्ञेला आडवी रेघ आणि ‘एच’ जोडून चालवा. मूळ विभाग, बूट विभाग आणि होम, या तिघांपैकी कुठे शंभर टक्के दिसतंय का? मोठ्या अपग्रेडमध्ये हजारो पॅकेजेस उतरतात, आणि डिस्क काठोकाठ भरली की सत्राला स्वतःच्या छोट्या फाइलीही लिहिता येत नाहीत. मग ते अगदी तुमच्यासारखंच वागतं. जागा करताना घाईनं ‘एपीटी क्लीन’ चालवू नका (एपीटी म्हणजे पॅकेजेस उतरवून बसवणारी आज्ञा). उतरवलेली पॅकेजेस त्यानं पुसली जातात, त्यातली काही अजून बसायची असतील आणि तुमच्याकडे सध्या नेटही नाही. आधी जुने लॉग कमी करा: ‘सुडो जर्नलसीटीएल’ला ‘व्हॅक्यूम-साइज’चा पर्याय देऊन ते १०० एमबीवर आणता येतात (‘सुडो’ लावलं की आज्ञा प्रशासकाच्या अधिकारानं चालते). बूट विभाग भरला असेल तर त्यातल्या फाइली हातानं उडवू नका. जुने कर्नल ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’नंच काढावेत. चालू कर्नल कोणता हे ‘युनेम’ आडवी रेघ ‘आर’ सांगतं, आणि तो कधीच काढायचा नाही.

जागा ठीक असेल तर मूळ दुखण्याकडे वळू. पॅकेज बसण्याच्या दोन पायऱ्या असतात: आधी त्यातल्या फाइली डिस्कवर उलगडल्या जातात, मग त्या पॅकेजची मांडणी होते, म्हणजे सेवा नोंदवणं, कर्नलसाठी मॉड्यूल बांधणं, सुरुवातीची रॅम-इमेज तयार करणं वगैरे. तुम्ही बटण दाबलं तेव्हा बरीच पॅकेजेस या दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकली असणार. ‘आवृत्ती तर २४.०४ दाखवतंय, म्हणजे अपग्रेड झालंच’ असं समजू नका. ती माहिती एका लहानशा पॅकेजमधून येते आणि ते आधीच बसून गेलेलं असू शकतं.

अडकलेली कामं पूर्ण करणारी आज्ञा आहे ‘सुडो डीपीकेजी’, पुढे दोन आडव्या रेघा जोडून ‘कॉन्फिगर’, मग एक रेघ आणि ‘ए’. हिला नेट लागत नाही. ती संपेपर्यंत थांबा, कितीही ओळी सरकल्या तरी. मग ‘सुडो एपीटी’ला दोन रेघा आणि ‘फिक्स-ब्रोकन’ लावून पुढे ‘इन्स्टॉल’. इथे मात्र एन्टर दाबण्याआधी काय काढलं जाणार आहे ती यादी वाचा. त्यात ‘उबुंटू-डेस्कटॉप’, ‘जीनोम-शेल’ किंवा ‘जीडीएम३’ दिसलं तर ‘नाही’ म्हणा आणि आधी कारण शोधा. कुलूपफाइलीबद्दल तक्रार आली, म्हणजे दुसरा कुणी प्रोग्रॅम पॅकेजेसवर काम करतोय असं म्हटलं, तर ती फाइल पुसण्याचा सल्ला पाळू नका. पाठीमागे खरंच काम चालू असेल तर पॅकेजची नोंदवहीच बिघडू शकते.

उरलेल्यासाठी नेट हवं. फोन यूएसबी केबलनं जोडून त्यावर टेदरिंग सुरू करा. बहुतेक फोन लिनक्सला साध्या नेटवर्क कार्डासारखे दिसतात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग ‘एपीटी अपडेट’ आणि ‘एपीटी फुल-अपग्रेड’, दोन्ही सुडोसह. पॅकेजच्या स्रोतांत सगळीकडे ‘नोबल’, म्हणजे २४.०४ चं टोपणनाव, आहे याची खात्री करा. कुठे ‘जॅमी’ उरलं असेल तर दोन आवृत्त्यांची सरमिसळ होते. आणि मागे २२.०४ वर उतरायचा प्रयत्न करू नका, उबुंटूत त्याला आधार नाही. शेवटी ‘उबुंटू-डेस्कटॉप’ हे पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा, म्हणजे वाटेत गळालेले डेस्कटॉपचे भाग परत येतात. लॅपटॉप रीस्टार्ट करा.

एवढ्यानंच लॉगिन होण्याची शक्यता चांगली आहे. नाही झालं तर एकच चाचणी करा, माझ्या मते या सगळ्यातली सर्वात मोलाची. पुन्हा मजकुराच्या स्क्रीनवर जा, ‘सुडो अ‍ॅडयूजर’नं एक नवं खातं तयार करा आणि नेहमीच्या लॉगिनवरून त्या खात्यात शिरा. बिघाड सगळ्या यंत्रणेत आहे की फक्त तुमच्या होम फोल्डरात, हे एका फटक्यात कळतं.

नवं खातं नीट उघडलं तर यंत्रणा बरी आहे आणि दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या एखाद्या जुन्या सेटिंगचा आहे. पहिला संशय जीनोमच्या, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपच्या, एक्स्टेन्शनवर घ्या. २२.०४ मध्ये जीनोम ४२ होतं, २४.०४ मध्ये ४६ आहे. मधल्या ४५ व्या आवृत्तीत एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे जुनी, न सुधारलेली एक्स्टेन्शन चालत नाहीत. होममधल्या लपलेल्या ‘लोकल’ फोल्डरात, ‘शेअर’च्या आत, ‘जीनोम-शेल’मध्ये त्यांचा फोल्डर असतो. तो पुसू नका, नाव बदला. दुसरा संशय ‘एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलीवर. कधीतरी सुडोनं ग्राफिक प्रोग्रॅम चालवला गेला असेल तर तिची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याकडे, गेलेली असू शकते आणि एक्सवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवण्याच्या जुन्या पद्धतीवर, चालणाऱ्या काही सत्रांना ती उघडता येत नाही. मालक ‘रूट’ दिसला तर मालकी बदलणाऱ्या ‘चोन’ आज्ञेनं ती तुमच्या नावावर करा. तिसरी जागा ‘प्रोफाइल’ ही लपलेली फाइल. लॉगिन होताना ती वाचली जाते, आणि कुठल्याशा इन्स्टॉलरनं तिच्यात टाकलेली एखादी ‘एक्झिट’ची ओळ सगळं सत्र संपवू शकते.

नवं खातंही तसंच परत फेकलं गेलं तर बहुधा ग्राफिक्स. नाव निवडल्यावर खालच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या चक्रातून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडून पाहा. त्यानं (झॉर्ग म्हणजे वरची एक्सच) उघडलं तर गाठ वेलँड, म्हणजे चित्र दाखवण्याची नवी पद्धत, आणि ड्रायव्हर यांच्यात आहे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा; डीकेएमएस प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्यानं बांधतं. ड्रायव्हर या पद्धतीनं बसलेला असेल आणि नव्या कर्नलच्या नावापुढे मॉड्यूल बांधलेलं दिसत नसेल तर उत्तर सापडलं. वायफायचं कार्ड ब्रॉडकॉमचं असेल तर तेही इथेच कळेल, कारण त्याचा ड्रायव्हरही अनेकदा याच पद्धतीनं प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं बांधावा लागतो. मॉड्यूल बांधलेलं आहे पण लोड होत नाही, आणि सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर रोखणारी सुरक्षा) चालू आहे, असं असेल तर सहीचा प्रश्न आहे. ड्रायव्हर बसल्यावर पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते आणि ‘एनरोल मॉक’, म्हणजे सहीची किल्ली नोंदवण्याचा, पर्याय देते. काही सेकंदांत कळ दाबली नाही तर ती निघून जाते आणि मॉड्यूल सहीअभावी बाहेरच राहतं. सिक्युअर बूट बंद करणं हा उपाय सर्रास सुचवला जातो, मला तो पटत नाही. ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ वापरलं तर बहुतेक कार्डांसाठी आधीच सही केलेली मॉड्यूल मिळतात आणि निळ्या स्क्रीनची गरजच पडत नाही.

कुठेही अडलात तरी लॉग वाचा. फसलेल्या लॉगिननंतर लगेच मजकुराच्या स्क्रीनवर जाऊन ‘सुडो जर्नलसीटीएल’ला ‘बी’ आणि ‘पी एर’ हे पर्याय (दोन्हींच्या आधी एक रेघ) द्या, चालू बूटमधल्या फक्त चुका दिसतील. अपग्रेडची स्वतःची नोंद व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये ‘डिस्ट-अपग्रेड’ नावानं असते. तिथे मुख्य लॉग आणि एपीटीचा टर्मिनल-लॉग पाहा. शेवटच्या ओळींपासून वर जाण्याऐवजी पहिली चूक शोधा, कारण पुढच्या चुका अनेकदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलाची नोंद कागदावर ठेवा. चार उपाय एकदम केले तर कशानं बरं झालं हेही कळत नाही आणि कशानं बिघडलं हेही.

राहिले ते प्रश्न, ज्यांना तुम्ही एन्टर दाबलंत. ते घातक नव्हते. ईटीसी फोल्डरातल्या एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलीत तुम्ही किंवा एखाद्या प्रोग्रॅमनं बदल केलेला असेल तरच तो प्रश्न येतो, आणि नुसत्या एन्टरचा अर्थ ‘जुनी ठेवा’ असा होतो. नवी फाइल शेजारीच ‘डीपीकेजी-डिस्ट’ किंवा ‘यूसीएफ-डिस्ट’ अशा शेपटीसह पडून असते. ‘फाइंड’नं अशा फाइली शोधा आणि ‘डिफ’नं जुन्या-नव्यातला फरक वाचा. तुमचा बदल आज आठवतही नसेल, तर जुनीची प्रत बाजूला ठेवून नवी स्वीकारा. जीडीएमच्या फाइलीकडे आधी पाहा. वेलँड बंद करणारी किंवा आपोआप लॉगिन करणारी जुनी ओळ तिथे राहिलेली असू शकते.

डेस्कटॉप परत आल्यावर बाहेरचे स्रोत, म्हणजे पीपीए वगैरे, बंद झालेले दिसतील. अपग्रेडनं ते मुद्दाम बंद केलेले असतात. ज्याच्या मालकानं २४.०४ साठी पॅकेजेस दिली आहेत तेवढेच, एकेक करून सुरू करा. काही अ‍ॅपइमेज प्रोग्रॅम उघडणार नाहीत. २४.०४ मध्ये अ‍ॅपआर्मर या सुरक्षा-पहारेकऱ्यानं साध्या प्रोग्रॅमना नवी यूजर-नेमस्पेस, म्हणजे स्वतःपुरती वेगळी कोठडी, उभारण्यावर बंधन घातलं आहे, आणि क्रोमियमच्या पायावरचे बरेच प्रोग्रॅम सँडबॉक्ससाठी तेच वापरतात. त्यासाठी त्या प्रोग्रॅमपुरतं अ‍ॅपआर्मरचं प्रोफाइल लिहावं. बंधनच उठवणं सोपं आहे, पण मी ते करणार नाही.

फॉरमॅटची वेळ माझ्या हिशेबानं तेव्हा येते, जेव्हा कर्नलच्या लॉगमध्ये डिस्क वाचता न आल्याच्या चुका दिसतात. तेव्हाही आधी डिस्क बदलायला हवी, कारण त्याच डिस्कवर पुन्हा इन्स्टॉल करून काही साधणार नाही. तुमच्याकडे तसं चिन्ह नाही. डीपीकेजीची आज्ञा जिथे थांबेल तिथली पहिली चूक आणि तिच्या आधीच्या दहा-बारा ओळी इथे टाका, नव्या खात्याच्या चाचणीचं काय झालं तेही लिहा. पुढचं आपण त्यावरून पाहू.