बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात देव उत्तर देण्याऐवजी ताकद दाखवून माणसाला गप्प बसवतो का?

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. ईयोब हा सरळमार्गी माणूस; त्याची लेकरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. तो विचारतो, माझा गुन्हा काय? आणि देव वावटळीतून उलट त्यालाच विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? वरवर वाचलं तर ही दमदाटीच वाटते.

माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा भेटायला येणारा जो तो काहीतरी कारण सांगून जायचा. मागच्या जन्मीचं असेल, कुणाचा तळतळाट लागला असेल. त्या दिवसांत हे पुस्तक पुन्हा हाती घेतलं आणि ईयोबाचे तिघे मित्र लगेच ओळखीचे वाटले. अलीफज, बिल्दद आणि सोफर येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. मग तोंड उघडतात आणि तिघांचा सूर एकच: दुःख आलंय म्हणजे पाप केलंच असणार.

आता एक गोष्ट नीट पाहा. माणूस म्हणजे किडा, अळी, असं या पुस्तकात बिल्दद म्हणतो, 25व्या अध्यायात. देव तसं कुठेच म्हणत नाही.

देव काय म्हणतो? 38वा आणि 39वा अध्याय सावकाश, जमलं तर मोठ्याने वाचा. जिथे माणसाची वस्तीच नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो? कृत्तिकांचा पुंजका तुला बांधता येतो का, मृगाचे बंध सोडता येतात का? कड्यांवरच्या रानबकऱ्या कधी वितात, ठाऊक आहे? रानगाढव शहराच्या गलबल्याला हसतं, शहामृगी वाळूत अंडी टाकून निघून जाते, गरुड सुळक्यावर घरटं बांधतो. या सगळ्या वर्णनात माणूस जवळजवळ नाहीच, लढाईचा घोडा येतो तिथे काय तो डोकावतो. पुढे बेहेमोथ या अजस्र प्राण्याविषयी देव म्हणतो, तुझ्याबरोबर मी त्यालाही घडवलं. ‘तुझ्याबरोबर’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ईयोबाला पायाखाली तुडवलेलं नाही, एका अफाट पसाऱ्यात त्याची जागा दाखवली आहे. दुःखाचं कारण देव सांगत नाही, हे खरं. पण ‘तू पापी आहेस म्हणून’ असंही सांगत नाही, आणि मला त्या दिवसांत तेवढ्यानेच केवढा तरी धीर आला.

शिवाय 42व्या अध्यायात देवाचा राग निघतो तो मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब यथार्थ बोलला, तुम्ही नाही, असं तो अलीफजला सुनावतो. म्हणजे इतके अध्याय देवाशी भांडणारा खरा ठरला आणि देवाची बाजू मांडणारे खोटे. नम्रता म्हणजे प्रश्न गिळून बसणं असतं, तर हा निकाल उलटा लागला असता.

तुम्ही विचारलंत की शेवटी ईयोब ‘धूळ आणि राख’ म्हणतो ती शरणागतीच ना? मूळ हिब्रूत ही जोडी आहे ‘आफार’ आणि ‘एफेर’. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 18व्या अध्यायात, इस्राएलचा मूळपुरुष अब्राहाम स्वतःला हेच म्हणवतो, आणि ते कधी? पापापायी नष्ट होऊ घातलेलं सदोम शहर वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस करताना! पन्नास नीतिमान सापडले तर शहर वाचव, इथून सुरू करून, मी धूळ आणि राख, असं म्हणतच तो दहावर येतो.

ईयोबाच्या त्या ओळीतलं क्रियापद तर दोन अर्थांचं आहे. मराठी बायबलात तिथे ‘पश्चात्ताप’ आहे. पण त्याच धातूचा दुसरा अर्थ सांत्वन पावणं, आणि दुसऱ्या अध्यायात मित्र ईयोबाचं सांत्वन करायला निघतात तिथे हाच धातू आलाय. त्यांच्याकडून ते झालं नाही. वावटळीनंतर झालं, असं मी ती ओळ वाचतो.