जीपीएसच्या परावर्तित सिग्नलवरून चालती गाडी किंवा बोट ओळखता येते का?

येते, पण रडार म्हटल्यावर डोळ्यासमोर जो गोल फिरणारा हिरवा पडदा येतो तसलं काही डोक्यात ठेवू नका. तुम्ही विचारलंय की रस्त्यावरची गाडी आणि खाडीतली बोट दोन्ही दिसतील का, तर मोठी बोट जमेल, गाडीचं कठीण आहे.

मुळात सिग्नल फारच मरतुकडा. उपग्रह २०,२०० किमी वर, आणि जमिनीवर पोचेपर्यंत तो रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजच्याही साधारण शंभरपट खाली गेलेला असतो, उपग्रहाचा कोड (सिग्नलवर बसवलेला ठरावीक नमुना) माहीत असतो म्हणून आपण तो उकरून काढतो. आता हजार चौरस मीटर आरसीएसचं (रडारला वस्तू किती मोठी 'दिसते' त्याचं माप) जहाज १ किमीवर धरा, हिशोब केला तर त्याचा प्रतिध्वनी थेट सिग्नलपेक्षाही दहा हजारपट क्षीण निघतो. गाडीचा आरसीएस दहाएक चौरस मीटर, म्हणजे तिला तेवढंच 'दिसायला' १०० मीटरवर आणावं लागेल, आणि तिथे गोची अशी की जीपीएसच्या साध्या सी/ए कोडची एक चिपच (कोडचा सगळ्यात छोटा तुकडा) जवळपास ३०० मीटर लांब, मग प्रतिध्वनी थेट सिग्नलमध्येच मिसळून जातो. गॅलिलिओ ही युरोपची जीपीएससारखी यंत्रणा, तिच्या ई५ए सिग्नलमध्ये चिप ३० मीटरची, म्हणून बर्मिंगहॅम आणि रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातल्या लोकांनी जहाजं पकडली ती गॅलिलिओवर.

हलण्याचा फायदाही होतो आणि तोटाही. १० मीटर/सेकंद वेगाने तुमच्याकडे येणाऱ्या वस्तूचा डॉप्लर (हलण्यामुळे लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक) ५० हर्ट्झच्या आसपास सरकतो (तरंगलांबी १९ सेंमी), त्यामुळे जागच्या जागी असलेल्या बिल्डिंगांपासून ती वेगळी काढता येते. पण सिग्नल वर यायला तो २०-३० सेकंद साठवत बसावा लागतो आणि तेवढ्यात गाडी तीनशे मीटर पुढे! मग वेगाचे अंदाज लावून लावून जुळवायचं. बोट बिचारी हळू जाते, म्हणून बरी.

कॉलेजात आम्ही दोन आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचे स्वस्त रेडिओ रिसीव्हर) घेतले होते, एक अँटेना आकाशाकडे, दुसरी पाण्याकडे (ही डावी वर्तुळाकार पोलरायझेशनवाली घ्या, जीपीएसच्या लहरी उजवी फिरकी घेत येतात आणि परावर्तनात ती बरीचशी उलटते), आणि महिनाभर डॉप्लर दिसतोय म्हणून खूश होतो, नंतर कळलं की दोन्ही डोंगलची घड्याळं वेगवेगळी, आम्ही त्यांचा ड्रिफ्ट बघत होतो 😅 त्यामुळे दोन्हीला एकच क्लॉक द्या, बाकी सगळं नंतर.

आणि आजच काहीतरी बघायचं असेल तर फोनवर उपग्रहांची ताकद दाखवणारं एखादं ॲप टाका, बसस्टॉपवर बसा आणि रस्त्यापलीकडे क्षितिजाजवळ, १५ अंशांच्या आसपास असलेला एक उपग्रह निवडून ठेवा. माझ्याकडे बस समोरून गेली की आकडा ३८ वरून २५ च्या खाली यायचा, गेली की परत वर. हे परावर्तन नाही, आडवं आल्यामुळे पडलेली सावली आहे, आणि किती लांब, किती वेगात ते त्यातून काहीच कळत नाही, पण बस आणि रिक्षा यातला फरक मात्र चक्क कळायचा.