गवत कापताना मिनी ट्रॅक्टर वीस मिनिटांत दम सोडतो, पंप उतरवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात काजू-आंब्याची बाग, २४ एचपीचा तीन सिलिंडरचा मिनी ट्रॅक्टर, मागं ४ फुटी स्लॅशर (गवत कापायचं पात्यांचं अवजार). सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं मस्त चालतो, मग रेस आपोआप खाली येते आणि दाट गवतात शिरला की इंजिन बसतं. दहा मिनिटं बंद ठेवला की परत पहिल्यासारखा. गरम असतानाही एका सेल्फात सुरू होतो. डिझेल फिल्टर बदलून झालाय. मिस्त्री म्हणतोय पंप (नोझलना दाबानं डिझेल देणारा) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून माप लावायला देऊ.

इतक्यात देऊ नका. झिजलेला पंप, गळकं नोझल, पिस्टनच्या बसलेल्या रिंगा यांना विश्रांतीचा काही उपयोग नसतो. एलिमेंट (दाब देणारा आतला दट्ट्या) झिजलेल्या पंपात गरम, पातळ झालेलं डिझेल मागं गळतं हे खरं, पण तसा ट्रॅक्टर गरम असताना सुरू व्हायलाच कुरकुर करतो, आणि दहा मिनिटांत बॉनेटखालची धग काही पुरती जात नाही. थांबल्यावर जी ताकद परत येते, ती बहुतेक कुठंतरी वाहणं कमी पडल्यामुळं गेलेली असते. डिझेलचं वाहणं, नाहीतर रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेचं. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय टाकीवर आहे.

पण आधी एक गोष्ट मीटरवर बघून घ्या. दम सोडतो त्या क्षणी इंजिनचे आरपीएम पडतात, की आरपीएम तिथंच राहून फक्त पातं मंद होतं? पातं मंद आणि इंजिन तेवढ्याच जोरात, तर क्लच प्लेट घसरतेय, पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरमागून अवजार फिरवणारा दांडा) स्लिप क्लच ढिला आहे किंवा स्लॅशर बेल्टचा असेल तर बेल्ट घसरतोय. जळकट वास येतोच. तुम्ही ‘रेस खाली येते’ म्हणालाय, म्हणजे ही वाट बहुतेक तुमची नाही.

मग धूर बघा. काळा धूर ओकत बसत असेल तर डिझेल भरपूर आहे, हवा कमी आहे किंवा लोड जास्त आहे. धूर जवळजवळ नाहीच आणि इंजिन नुसतं मरगळतं, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर आणि मधेच एखादा ठोका चुकणं म्हणजे डिझेलमध्ये पाणी किंवा हवा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. तो रोग जुना असतो, वीस मिनिटांत उपटत नाही. धुराबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी मागं वळून बघा.

आता टाकी. सगळ्यात सोपी परीक्षा फुकटची आहे. इंजिन मरगळलं की बंद करू नका, फक्त पीटीओ बंद करा आणि टाकीचं झाकण ढिलं करा. फुस्स आवाज आला आणि मिनिटभरात इंजिन सावरलं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. डिझेल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. नाही आली की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल अडतं. थांबलात की हवा हळूहळू झिरपते, म्हणून परत चालतो. काही मॉडेलना झाकणाऐवजी हवेची वेगळी बारीक नळी असते. तिच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. पावसाळ्यात महिनाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरला हे हमखास. सायकलच्या ब्रेकची तार घालून माती काढा, पण ती आत टाकीत पडू देऊ नका.

झाकणानं फरक पडला नाही तर डिझेल मोजा. २४ एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण ५ ते ६ लिटर डिझेल खातं, म्हणजे मिनिटाला शंभर मिलिपेक्षा कमीच. यात रिटर्नचं, म्हणजे न जळता टाकीत परत जाणारं डिझेल धरलेलं नाही, म्हणून फिल्टरपर्यंत याच्या दुप्पट-तिप्पट धार आली पाहिजे. फिल्टरला येणारा पाइप सोडा आणि लिटरच्या बाटलीत घड्याळ लावून धरा. टाकी वर असेल तर डिझेल आपोआप येतं. इलेक्ट्रिक फीडपंप (टाकीतून डिझेल पुढं ढकलणारा) असेल तर चावी ऑन करून धरा. मिनिटाला पाव लिटरच्या खाली आलं तर अडथळा आहे असं समजा. इथं एक चूक सगळे करतात. पहिलं मिनिट बघतात, धार जोरात दिसते, पाइप परत बसवतात. तुमचा बिघाड वीस मिनिटांनी येतो, मग परीक्षाही तेवढी लांब हवी. निदान दहा मिनिटं, स्वच्छ कॅनमध्ये, दर मिनिटाला किती आलं ते लिहून. पहिल्या मिनिटाला ४०० मिलि आणि आठव्याला १००, असं काही दिसलं तर चोर टाकीच्या तळाशी आहे.

तिथं सापडतं काय? शेवाळासारखा चिकट गाळ, कॅनच्या बुचाखालच्या चकतीचा तुकडा, वाळलेलं पान, चिंध्यांचे धागे. डिझेल वाहू लागलं की ते तरंगत येऊन आउटलेटच्या भोकावर चिकटतं. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, ते सुटून तळाला जातं आणि भोक मोकळं. परत वीस मिनिटांनी तोच खेळ. फिल्टर दहा वेळा बदलला तरी हे जाणार नाही, कारण अडथळा फिल्टरच्या अलीकडं आहे. तात्पुरतं, पाइपातून उलट्या दिशेनं सायकलच्या पंपानं हवा मारा, झाकण उघडं ठेवून. आत बुडबुड असा आवाज आला पाहिजे. पण हा उपाय दिवसभराचाच. नीट करायचं तर टाकी उतरवा, दोन लिटर स्वच्छ डिझेल घालून हलवून धुवा, आउटलेटची जाळी ब्रशनं साफ करा. पाण्यानं धुवू नका.

गाळ येतो कुठून तेही सांगतो. राज्याच्या हद्दीवर आपल्याकडं जिथं दर कमी तिकडून चार कॅन भरून आणायची सवय आहे. ते कॅन पडवीत महिनोन् महिने राहतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी हवेत त्यात पाणी सुटतं, आणि पाणी नि डिझेल जिथं भेटतात त्या थरात हा गाळ वाढतो. कॅन दोन दिवस न हलवता ठेवा, तळातलं दोन बोटं डिझेल टाकीत ओतूच नका, वरचंही बारीक जाळीच्या नरसाळ्यातून घाला. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर आत दव धरायला जागा राहत नाही.

पाइप सोडला की लाइनमध्ये एअर घेणारच. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा (इलेक्ट्रिक असेल तर चावी ऑन), बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग हेच पंपावरच्या बांजो बोल्टला (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट). तांब्याचे वॉशर नवे घाला; जुना वॉशर बाहेर गळत नाही पण हवा ओढतो. रबरी पाइपच्या क्लिपांजवळ बारीक तडे बघा. शंका असेल तर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाइप लावून चालवा. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. नोझलच्या हायप्रेशर पाइपवर गळती हातानं चाचपू नका. ती धार कातडीतून आत जाते, पुठ्ठा धरून बघा.

टाकी निर्दोष निघाली तर पुढचा संशय गरमीवर. दम सोडताना टेम्परेचरचा काटा वर असेल तर बॉनेट उघडून रेडिएटरपुढची जाळी काढा. नांगरटीला जे होत नाही ते गवत कापताना होतं: स्लॅशर भुसा उडवतो, पंखा तो ओढून घेतो. तुमच्या भागात रानमोडीच्या झुडपाची म्हातारी (वाऱ्यावर उडणारं बी) जाळीवर कापसासारखी बसते. अथणीकडं कुसळी गवत असेल तर आणखी वाईट, कुसळं पत्र्यांच्या फटीत टोक खुपसून बसतात, ती पाण्यानं निघत नाहीत, मऊ ब्रशनं नाहीतर चिमट्यानं एकेक काढावी लागतात. हवा मारायची ती पंख्याकडून पुढं. पुढून मारली तर कचरा आणखी आत रुततो. सुक्या गवतात तासाला एकदा जाळी झाडा. फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा, जास्त नको.

काळा धूर असेल तर एअर फिल्टर. ड्राय टाइपचं एलिमेंट आतून बाहेर हलक्या हवेनं झाडा, आपटू नका. ऑइलबाथ (खाली ऑइलचा पेला असलेला) असेल तर खुणेइतकंच ऑइल. पेला जास्त भरला की इंजिन ते ऑइल ओढतं.

आणखी एक फसवा प्रकार: हाताच्या रेसचा दांडा. त्याची घर्षणाची चकती ढिली झाली की स्लॅशरच्या थरथरीनं दांडा इंचाइंचानं मागं सरकतो, आणि माणूस इंजिनला दोष देतो. फुल रेस देऊन पंपावरचा लिव्हर त्याच्या स्टॉपर बोल्टला टेकतो का, आणि बंद करायची दोरी पूर्ण आत गेलीय का, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

स्लॅशरकडं यायचं तर इंजिन बंद, चावी खिशात, मगच खाली वाका. पात्याची धार गेली असेल तर गवत कापलं जात नाही, बडवलं जातं, आणि तेवढं लोड वाढतं. दोन्ही पाती एकदमच धार लावून वजनाला सारखी ठेवा, नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. मीटरवर पीटीओच्या ५४० ची (मिनिटाला ५४० फेरे) खूण असते, रेस तिथंच ठेवा. डिझेल वाचवायला अर्ध्या रेसवर चालवलं तर दाट गवतात इंजिनला जोर कमी पडतो. दाट गवतात रेस तीच ठेवून गिअर एकानं खाली घ्या.

हे सगळं करूनही रेस पडतेच म्हणालात, तर मग नोझल. मिस्त्रीसमोरच, स्लो रेसवर चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचं नट थोडं ढिलं करायला सांगा, वर फडकं टाकून, हात लांब ठेवून. ज्याचं नट सोडल्यावर इंजिनच्या आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर कामात नाही. तीनही सारखे बोलत असतील आणि दहा मिनिटांच्या मापात डिझेलही सलग आलं असेल, तेव्हा पंपाला पाना लावू द्या, त्याआधी नाही.